न सांगितलेली दुरुस्ती

टाइपरायटर उलटा करून टेबलावर ठेवायचा, वरची पत्र्याची झाकणी काढायची आणि मग खोलीत जो कोणी असेल त्याला हाक मारायची: "या, पाहा. आतमंदी भूत नाई राहत."

आमच्या मिस्त्रींची कामाला सुरुवात करायची ही पद्धत होती. तुम्हीही टाइपरायटर दुरुस्त करणारे पाहिले असतील. ते आपल्याकडे पाठ करून काम करतात आणि यंत्राच्या पोटात काय चाललंय ते दिसू देत नाहीत. मिस्त्री मात्र बोलावून दाखवत. ही स्प्रिंग, ही पट्टी, इथे धूळ बसते, इथे तेल घालायचं नाही. शिपाई असो की सचिव, एकदा वाकून आत पाहिल्याशिवाय सुटका नसे.

"सगळ्यांना शिकवलं तर तुम्हाला कोण बोलावील?" मी एकदा विचारलं.

"बोलावतीन न, ताई. पाहून घेतल्यावर माणूस नीट वापरते. न पाहता वापरते थो तोडते."

नागपुरात धंतोलीतल्या एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात मी टंकलेखक होते. संस्थेच्या पाच-सहा शाळा, त्यांचा सगळा पत्रव्यवहार आमच्याकडे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मिस्त्री महिन्यातून एकदा यायचे. सायकल, खांद्याला खाकी पिशवी, बोटांच्या नखांत कायमची काळी शाई. मूळचे कुहीकडचे, घरी भावाची धानाची शेती. मॅट्रिक होऊन नागपूरला आले ते इथेच राहिले. ऑफिसात त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. मला होतं, पण इथे मी त्यांना मिस्त्रीच म्हणणार आहे.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला त्या वर्षाची गोष्ट. यंत्र आलं, पण त्याला मराठी येईना. मराठी लिहिण्याचा प्रोग्रॅम एका कंपनीकडून विकत घ्यावा लागणार होता आणि त्याची किंमत ऐकून सचिवसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तेवढ्या पैशांत दुसरा कॉम्प्युटर आला असता. शिवाय त्या प्रोग्रॅमबरोबर एक छोटं कुलूप यायचं. ते कॉम्प्युटरच्या मागे लावलं, तरच प्रोग्रॅम चाले.

कंपनीचा माणूस हे सगळं दाखवत होता तेव्हा मिस्त्री कोपऱ्यात जमिनीवर बसून आमच्या जुन्या टाइपरायटरचा रोलर पुसत होते. ते उठून आले.

"साहेब, हे आतून कसं हाय, पाहाता येते का?"

तो माणूस हसला. "आतलं कंपनीचं असतं, काका. आपण फक्त वापरायचं."

मिस्त्री पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसले. पण त्या दिवशी रोलर पुसायला त्यांना फार वेळ लागला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सचिवसाहेबांकडे परवानगी मागितली, रविवारी सकाळी कॉम्प्युटरवर बसू देण्याची. सचिवसाहेब म्हणाले, "मॅडम हजर असतील तर बसा. बिघडलं तर भरून द्यावं लागेल." मी तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणून ऑफिसात मी जाणकार. अशा रीतीने माझे जवळजवळ आठ महिन्यांचे रविवार मिस्त्रींबरोबर गेले.

ते आलेखाच्या कागदाच्या वह्या घेऊन यायचे. एकेका अक्षराचे चौकोन पेन्सिलीने भरलेले. पंचवीस वर्षं टाइपरायटरच्या अक्षरांचे खिळे पुसून या माणसाला मराठी अक्षराचं प्रत्येक वळण हाताने ठाऊक झालं होतं. बेसिक नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेचं इंग्रजी पुस्तक मी वाचून समजावायची, ते शब्दकोश उघडून माझी चूक काढायचे. पहिला "क" छापून आला तो कागदावर माशी चिरडल्यासारखा. "ळ" तर चार रविवार आला नाही.

छापलेलं प्रत्येक पान ते घरी बायकोला वाचायला देत. "माही बायको चौथी शिकली. तिले वाचता आलं, त साऱ्यांले येते." तिला जे अडलं ते अक्षर पुढच्या रविवारी पुन्हा.

एके दिवशी तिने पूर्ण पान न अडखळता वाचलं. त्या सोमवारी मिस्त्री आमच्या सगळ्या ऑफिसला बर्फी घेऊन आले.

सचिवसाहेबांनी प्रोग्रॅमची किंमत विचारली. मिस्त्री गोंधळून माझ्याकडे पाहू लागले.

"पैसे कायचे, साहेब? मशीन दुरुस्त करतो त्याची मजुरी घेतो मी. पर अक्षरं काय मी काढली? थे तर होतेच."

"म्हणजे फुकट?"

"हौ. ज्याले पाह्यजे त्याले देईन. आतलं सारं कागदावर छापून देईन, ज्याले पाहाचं त्यानं पाहा. एकच अट हाय. काही चूक सापडली, त मले सांगाचं. कोणी दुरुस्ती केली, त थेही सांगाचं. मी साऱ्यांले नेऊन देईन."

ही अट त्यांनी शब्दशः पाळली. बघता बघता दहा-बारा ऑफिसांनी प्रोग्रॅम नेला. कोणी म्हणालं, पान क्रमांक चुकतो, की मिस्त्री तो सुधारायचे आणि फ्लॉप्या पुठ्ठ्यात बांधून सायकलने प्रत्येक ऑफिसात पोचवायचे. प्रोग्रॅमच्या आत नुसत्या टिपेची ओळ लिहिता येते. यंत्र ती वाचत नाही, माणसाने वाचायची असते. प्रत्येक दुरुस्तीच्या वर मिस्त्री अशी ओळ लिहीत: काय बदललं, कोणी सुचवलं, तारीख. मलाही त्यांनी तीच सवय लावली.

आमच्या संस्थेचा मोठा खर्च वाचला. वार्षिक सभेत सचिवसाहेबांनी ते अभिमानाने सांगितलं. त्याच सभेत त्यांनी आणखी एक बचत सुचवली. आता टाइपरायटर फारसे वापरात नाहीत, तेव्हा त्यांच्या देखभालीचं मासिक काम बंद करावं.

ते पत्र मी टाइप केलं, मिस्त्रींच्याच प्रोग्रॅममध्ये. "आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नसल्याने" असं काहीसं. पत्र त्यांच्या हातात मीच दिलं. त्यांनी ते उभ्याने वाचलं, मग खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिलं. मी मनात काहीतरी बोलायची जुळवाजुळव करत होते.

"ळ चांगला आला, ताई," ते म्हणाले.

त्यानंतरही ते येत राहिले. काम नव्हतं, मजुरी नव्हती. दहा-पंधरा दिवसांनी सायकल लावायचे, पाणी प्यायचे आणि विचारायचे, "काही सापडलं का?"

आता मला जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं.

मार्च महिन्यात मी शिक्षकांची सेवाज्येष्ठता यादी छापत होते. ताळा घेताना एक बाई यादीतून गायब. पडद्यावर त्यांचं नाव होतं, कागदावर नव्हतं. पुन्हा छापलं, पुन्हा नाही. मी आतला प्रोग्रॅम कागदावर छापून घेतला आणि दोन दिवस त्याच्याशी झुंजले. शेवटी सापडलं. पानाच्या तळाची ओळ लांब असली, अगदी कडेपर्यंत भरली, की ती छापायच्या आतच यंत्र नवीन पान सुरू करत होतं. ती ओळ पानांच्या मध्ये पडून हरवायची. मी तीन ओळी बदलल्या. वर टिपेची ओळ लिहिली, सवयीने तारीख घातली. यादी छापली. बाई आपल्या जागी आल्या.

त्या दिवशी मला किती आनंद झाला ते आजही आठवतं. कधी एकदा मिस्त्री येतात आणि त्यांना दाखवते, असं झालं होतं.

चार दिवसांनी ते आले. पण तेव्हा सचिवसाहेब दुसऱ्या संस्थेच्या दोन पाहुण्यांना माझ्या टेबलापाशी घेऊन आले होते. "आमच्या मॅडम म्हणजे कॉम्प्युटरमधल्या एक्स्पर्ट," ते सांगत होते. "त्यांच्यासाठी आम्ही वेगळा विभागच काढतोय." पाहुण्यांपैकी एक म्हणाला, "प्रोग्रॅम आमच्याकडेही हाच आहे, पण तुमच्या यादीसारखी सफाई येत नाही बुवा." मी नम्रपणे हसले. मला ते वाक्य फार गोड लागलं.

पाहुणे गेले. मिस्त्री दारात उभे होते. "काही सापडलं का, ताई?"

"नाही," मी म्हणाले. "सगळं ठीक चाललंय."

का म्हणाले? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की त्याची धार गेली. कोणी मला गप्प राहायला सांगितलं नव्हतं. फक्त, एक गोष्ट अशी असावी की जी माझ्याकडेच नीट चालते, एवढंच वाटलं. विभाग मंजूर होईपर्यंत तरी. मग सांगू. आठ-पंधरा दिवसांनी काय बिघडतं?

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. आता सांगायचं, तर आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं. मी "नाही" म्हणाले. पुढच्या वेळी ते आणखी जड झालं. पाचव्या महिन्यात तर विचारलं की माझी मान आपोआप हलायची.

श्रावणातली ती दुपार. ऊन पडलं होतं. मिस्त्री आले ते सायकलचं स्टँडही न लावता, भिंतीला टेकवून. शर्ट पाठीला चिकटलेला.

"ताई, लय वाईट झालं."

शहरातल्या एका नर्सिंग शाळेची निवड यादी त्यांच्या प्रोग्रॅमवर छापली गेली होती. यादीत सत्तावीसनंतर थेट एकोणतीस. कोणाच्या लक्षात आलं नाही. अठ्ठाविसावी मुलगी मौद्याकडच्या एका खेड्यातली. बापाने येऊन फळ्यावरची यादी वाचली, पोरीचं नाव नाही म्हणून परत गेला. जागा दुसरीला मिळाली. पुढे गावातल्या मास्तरांनी गुण पाहिले, चौकशीला आले, तेव्हा हाताने लिहिलेल्या मूळ यादीत तिचं नाव निघालं. तोवर वर्ग सुरू होऊन महिना झाला होता. शाळेने हात वर केले. आमची चूक नाही, एका टाइपरायटरवाल्याने फुकट दिलेल्या प्रोग्रॅमची आहे, असं सांगून त्यांनी बापाला मिस्त्रींचं नाव दिलं.

"दोन दिवसांपासून साऱ्या ऑफिसांत जाऊन पाहून राहिलो," मिस्त्री म्हणाले. "सारीकडे खालची लांब ओळ खाते. तुमच्याकडं पाहू द्या."

त्यांनी स्वतःच एक खोटी यादी टाइप केली, तळाला लांबलचक नाव घातलं आणि छापली. नाव आलं. त्यांनी पुन्हा छापली. पुन्हा आलं. ते कपाळाला आठ्या घालून कागदाकडे पाहत राहिले.

"तुमच्याकडं काहून नाई खात?"

त्यांनी आतला प्रोग्रॅम छापायला लावला. लांबच लांब कागद प्रिंटरमधून येत राहिला आणि ते तो हातात गोळा करत, बोटाने ओळ ओळ वाचत खाली आले. एका जागी बोट थांबलं.

माझी टीप. काय बदललं. तारीख. मार्च महिन्याची.

ते बोट तिथे किती वेळ होतं, मला सांगता येणार नाही. पंख्याचा आवाज येत होता.

तेवढ्यात सचिवसाहेब आत आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. "मिस्त्री, हे काय ऐकतोय मी? तुमच्या फुकटच्या मालापायी आमचीही अब्रू जायची! मॅडम, आपल्या याद्यांत असा काही घोळ?"

"नाही सर," मी म्हणाले. "आपल्याकडे नीट आहे."

त्या खोलीत खरं सांगायची माझी ही शेवटची संधी होती. मिस्त्रींच्या हातात तो कागद होता. त्यांनी सचिवसाहेबांना एक ओळ दाखवली असती तरी पुरे होतं. त्यांनी कागदाची घडी घातली, बारीक बारीक करत, आणि खिशात ठेवली.

"माही चूक हाय, साहेब," ते म्हणाले. "पाहाले पाह्यजे होतं मी."

सचिवसाहेब बडबडत निघून गेले. मिस्त्रींनी पिशवी खांद्याला लावली. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलावं अशी माझी इच्छा होती. कोणी माझ्यावर ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

"चांगलं दुरुस्त केलं, ताई," ते म्हणाले. "मले इतकं सोपं सुचलं नसतं." थोडं थांबून म्हणाले, "सांगतलं असतं, त..." पुढचं वाक्य त्यांनी केलं नाही.

दारातून ते परत वळले. "परवा मौद्याकडे जाऊन राहिलो, त्या पोरीच्या घरी. येता का?"

"परवा तपासणी आहे," मी म्हणाले.

तपासणी नव्हती. त्यांनाही ते माहीत असावं.

"बरं," ते म्हणाले.

मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. त्यानंतर आठवडाभर ते सगळ्या ऑफिसांत माझ्या तीन ओळी घेऊन फिरले, असं पुढे कानावर आलं. बऱ्याच ठिकाणी फ्लॉपी आधीच कचऱ्यात गेली होती. आमच्या संस्थेने दोन महिन्यांत कंपनीचा प्रोग्रॅम घेतला. मागे कुलूप लागलं. विभाग निघाला, मी त्याची प्रमुख झाले. दारावर पाटी लागली.

मिस्त्रींना जाऊन सांगायचं, असं मी कितीदा तरी ठरवलं. एकदा इतवारीत त्यांच्या खोलीपाशीही गेले. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, खोली सोडली, नवरा-बायको दोघंही कुहीला गेले. कुही काय लांब आहे? बसने दीड-दोन तास. पण मी गेले नाही. घरी लग्नकार्यं होती, ऑफिसात कामं होती, आणि या सगळ्या खऱ्या कारणांच्या आड मी छान लपून राहिले.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी दुसऱ्या एका ऑफिसातल्या कारकुनाने सहज सांगितलं, "तुमचे ते मिस्त्री गेले हो. भाद्रपदात. ताप डोक्यात गेला म्हणतात."

भाऊबीज झाल्यावर मी मौद्याची बस धरली. त्या मुलीचं नाव-गाव मी नर्सिंग शाळेतून कधीच काढून ठेवलं होतं. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये वर्षभर होती.

घर सापडायला वेळ लागला नाही. मुलगी सुट्टीवर आली होती. दुसऱ्या वर्षी तिला प्रवेश मिळाला होता. वेणी घट्ट बांधलेली, नजर सरळ. आई-बाप वावरात गेले होते. तिने अंगणात बाज टाकली, मला बसायला सांगितलं, पाणी आणलं. "शाळेतून आल्या का, मॅडम?"

"नाही," मी म्हणाले, आणि मग न थांबता सगळं सांगितलं. यादी, मार्च महिना, तीन ओळी, दर वेळी म्हटलेलं "नाही". इतके दिवस मनात घोळवलेल्या वाक्यांपैकी एकही कामाला आलं नाही. साधं सांगत गेले. ती उभ्यानेच ऐकत होती.

"म्हंजे तुमाले आधीच मालूम होतं?"

"हो."

"अन् तुमाले मालूम होतं, हे त्याईले मालूम झालतं?"

"तुमच्याकडे यायच्या दोन दिवस आधी."

ती ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती.

"वर्ष गेलं त गेलं," ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षी फॉर्म त्याईनंच आणून देल्ला. भरूनही देल्ला. त्याचं नाई मी म्हणत. पर थे पयल्यांदा आले न, तवा माह्या बापानं त्याईले काय काय म्हटलं, तुमाले मालूम नाई. सारं गाव जमलं होतं. बसाले सांगतलं नाई, पाणी देल्लं नाई. दुपारभर उभे होते. चूक माही हाय, एवढंच म्हणून राहिले होते." तिचा आवाज चढला. "तवा त्याईनं तुमचं नाव काहून नाई घेतलं?"

तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. रिकामा पेला उचलून ती आत गेली. चुलीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. बहुधा माझ्यासाठी चहा.

ती बाहेर आल्यावर मी विचारलं, "कुठे उभे होते ते?"

तिने हनुवटीने दाखवलं. गोठ्याच्या पुढे, जिथे छपराची सावली संपते तिथून दोन हात बाहेर. जमीन नुकतीच सारवलेली होती. ऊन पडलं होतं, आणि एक कोंबडी त्या उन्हातून सावकाश पलीकडे गेली.

मी बाजेवर बसले होते. मला तिने बसायला सांगितलं होतं.